बालवीर, स्वयंसेवक आणि आपले नियोजित पथक

गेल्या वार्षिक सभेत आपल्या ज्ञातिसंस्थेचे स्वतःचे असे एक गणवेषधारी युवक पथक असावे अशी सूचना पुढे आली आणि तिच्यावर बरीच उलटसुलट चर्चा होऊन ती कार्यकारी मंडळाकडे विचारार्थ सोपविण्यात आली, हे सभासद बंधुभगिनींच्या स्मरणात असेलच. सूचना मांडणाऱ्या तरुण मंडळींचा हेतू निर्मळ होता ह्याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. मुले संध्याकाळी एकत्र येत नाहीत, शेजारी कोण राहतो हे त्यांना ठाऊक नसते, संकट आले की त्यांचे हातपाय गळतात, ही त्यांची तक्रार खरीच आहे. त्यांनी सूचनेसोबत अंदाजपत्रकही जोडले होते. त्यात गणवेषाचे कापड, बिल्ले, शिट्ट्या, एक मोठा ध्वज आणि ढोलताशांचा संच ह्यांचा खर्च बारकाईने मांडलेला होता. शिक्षकाचा उल्लेख मात्र कोठेही नव्हता. ह्या एका उणिवेमुळेच आम्हांस प्रस्तुत विषयावर चार शब्द लिहावेसे वाटले, आणि संपादक मंडळानेही तशी आज्ञा केली.

गणवेष घातलेली मुले ही कल्पना आपल्याकडे आली ती परदेशातून. विल्यम स्मिथ नावाच्या गृहस्थाने ४ ऑक्टोबर १८८३ रोजी ग्लासगो शहरात 'बॉइज ब्रिगेड' काढली, ती ह्या प्रकारातील पहिल्या संस्थांपैकी एक होय. परंतु ह्या चळवळीस जगभर ज्याने नेले तो बेडन-पॉवेल. हा मनुष्य १८७६ साली घोडदळातील एक कोवळा अधिकारी म्हणून लखनौस उतरला होता, आणि शिपायांना टेहळणी कशी शिकवावी ह्याचे पहिले धडे त्याने हिंदुस्थानातच गिरविले. पुढे बोअर युद्धात माफेकिंग ह्या गावास वेढा पडला. ऑक्टोबर १८९९ पासून मे १९०० पर्यंत, म्हणजे २१७ दिवस, तो वेढा चालला. लढणारी माणसे थोडी. म्हणून त्याचा सहकारी लॉर्ड एडवर्ड सेसिल ह्याने गावातील मुलांचे एक पथक उभे केले. निरोप पोचविणे, पहारा देणे, रुग्णालयात मदत करणे ही कामे त्या मुलांनी केली. ज्यांना आपण 'अजून लहान आहेत' म्हणून घरात कोंडून ठेवतो, ती जबाबदारी पडल्यावर कशी वागतात हे बेडन-पॉवेलने तेथे पाहिले.

त्यानंतर सात वर्षांनी, ऑगस्ट १९०७ मध्ये, त्याने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउन्सी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले. आमच्या दृष्टीने त्या शिबिरातील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट तंबू किंवा शेकोटी ही नव्हे. त्या मुलांतील काही ईटन-हॅरोसारख्या श्रीमंतांच्या शाळांतील होती, आणि काही पूल व बोर्नमथ येथील साध्या कामकरी घरांतील. इंग्लंडात त्या काळी हे दोन वर्ग एका पंक्तीस बसत नसत. आपल्याकडे जातीचे जे सोवळे, ते त्यांच्याकडे पैशाचे आणि कुळाचे होते. सगळ्यांना सारखे गळरुमाल आणि सारखे काम देऊन त्याने त्या मुलांच्या लहान लहान टोळ्या पाडल्या, आणि प्रत्येक टोळीवर एक मुलगाच नायक नेमला. पुढे आपल्याकडे 'संघ' आणि 'संघनायक' हे शब्द रूढ झाले ते ह्याच पद्धतीसाठी. गणवेषाचा मूळ उपयोग हा असा आहे. इतरांहून वेगळे दिसावे म्हणून तो निघालेला नसून, आतले वेगळेपण दिसू नये म्हणून निघालेला आहे.

हिंदुस्थानात पहिले स्काउट पथक १९०९ साली बंगळुरास कॅप्टन बेकर ह्याने काढले. ते केवळ युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होते. एतद्देशीय मुलांना त्यात मज्जाव होता. कारण उघड होते. माग काढणे, खुणांनी संदेश पाठविणे, नकाशा वाचणे, रानात रात्र काढणे ह्या विद्या आपल्या मुलांच्या हाती देण्यास सरकार कचरत होते. बंगालात क्रांतिकारकांची धामधूम चालू होती. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशकात अनंत कान्हेरे ह्या कोवळ्या वयाच्या तरुणाने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. मुलांच्या हातातली काठी पाहून राज्यकर्त्यांना बंदुकीची आठवण होत असे, असे म्हणावयास हरकत नाही.

दार बंद असले म्हणून आपली माणसे थांबली नाहीत. संयुक्त प्रांतात शाहजहानपूर येथे श्रीराम वाजपेयी ह्यांनी १९१३ च्या सुमारास मुलांचे सेवापथक उभे केले. त्याच सुमारास मध्यप्रांतात व्हिवियन बोस ह्यांनी हिंदी मुलांसाठी स्काउटिंगचा आरंभ केला. हे बोस नागपूरचे. पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. मुलींच्या बाबतीत तर जबलपूर येथे १९११ सालीच पहिले गाइड पथक निघाले होते. मद्रासेकडे डॉ. अ‍ॅनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल ह्यांनी 'इंडियन बॉय स्काउट्स' ही संस्था काढून मुलांच्या डोक्यावर विलायती टोपीऐवजी फेटा चढविला.

परंतु ह्या सगळ्यांत आम्हांस विशेष थांबावेसे वाटते ते १९१५ सालच्या हरिद्वारच्या कुंभमेळ्यापाशी. त्या वेळी 'बालवीर' हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता, तरी ह्या चळवळीचे आपल्याकडील खरे बी तेथे पडले अशी आमची समजूत आहे. पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी १२ जून १९०५ रोजी भारत सेवक समाज स्थापन केला होता. फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले निवर्तले. त्यानंतर दोनच महिन्यांत, त्यांच्या समाजाचे एक तरुण सभासद पं. हृदयनाथ कुंझरू हे मोठे स्वयंसेवक पथक घेऊन हरिद्वारास गेले. पथकाचे वैद्यकीय अधिकारी होते डॉ. हरी श्रीकृष्ण देव, तेही भारत सेवक समाजाचेच. गांधीजी नुकतेच आफ्रिकेहून परतले होते. त्यांच्या फिनिक्स आश्रमातील मंडळींनाही मदतीस बोलावण्यात आले.

लाखोंच्या मेळ्यात पहिला प्रश्न असतो तो मलमूत्राचा. पटकीची साथ तेथूनच पसरते. संडासांसाठी चर खणलेले होते, आणि त्यांची सफाई पगारी भंग्यांकडून करवून घ्यावयाची, असा डॉ. देवांचा बेत होता. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत लिहिले आहे की, ते काम फिनिक्सच्या मंडळींनी स्वतःकडे मागून घेतले. मैल्यावर माती टाकणे आणि त्याची विल्हेवाट लावणे हे त्यांनी आपल्या हातांनी केले. मागणी गांधीजींनी केली, पण ती पार पाडावी लागली मगनलाल गांधींना, हे कबूल करण्याचा मोकळेपणाही त्यांनी दाखविला आहे. स्वतः गांधीजींचा वेळ बहुतेक तंबूत बसून लोकांना दर्शन देण्यात गेला आणि त्या दर्शनाचा त्यांना उबग आला!

येथे वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा. त्या काळी आपल्यासारख्या घरांतील मुलाने असे काम केले असते तर त्याला घरात घेण्यापूर्वी काय काय करावे लागले असते? प्रायश्चित्ताचा खर्च किती आला असता? ज्ञातिसंस्थांच्या जुन्या इतिवृत्तांत परदेशगमनाच्या प्रायश्चित्ताचे वाद पानेच्या पाने भरलेले असत, ते आमच्यापैकी पुष्कळांनी वाचले आहेत. अशा काळात, तीर्थाच्या ठिकाणी, कुंभासारख्या पर्वणीस, 'हे काम खालच्या जातीचे' ही समजूत काही तरुणांनी फावडे हाती घेऊन मोडली. त्यांच्या अंगावर कोणता गणवेष होता हे कोणी लिहून ठेवलेले आमच्या वाचनात नाही.

पुढे पं. मदनमोहन मालवीयांच्या प्रेरणेने, कुंझरू आणि वाजपेयी ह्यांच्या हातून, १९१७-१८ साली अलाहाबादेस सेवासमिती बालवीर संस्था उभी राहिली. मेळ्यात हरवलेली मुले घरच्यांस भेटविणे, घाटावर बुडणाऱ्यांस काढणे, आजाऱ्यांस दवाखान्यापर्यंत उचलून नेणे ही तिची कामे होती. १९२१ साली बेडन-पॉवेल स्वतः हिंदुस्थानात आले, तेव्हा बेझंटबाईंची संस्था त्यांच्या संस्थेत विलीन झाली. सेवासमितीने मात्र आपले स्वतंत्र अस्तित्व राखले. त्यानंतर १९३७ साली दिल्लीस मोठा मेळावा झाला आणि त्याच्या मागून बेडन-पॉवेल ह्यांचे भारतीयांच्या चारित्र्याविषयीचे काही अनुदार उद्गार प्रसिद्ध झाले. देशभर संताप उसळला, आणि १९३८ साली हिंदुस्थान स्काउट संघ अस्तित्वात आला. एका वृद्ध माणसाच्या लेखणीतून उतरलेल्या चार ओळींनी तीस वर्षांच्या कामावर पाणी पडावे ही दुःखाची गोष्ट खरी. तथापि ज्याने वर्गभेद मोडण्यासाठी संस्था काढली, त्याच्या मनातील राज्यकर्त्याचा अहंकार शेवटपर्यंत गेला नव्हता, हेही तितकेच खरे. गणवेष शरीरावर सारखा चढतो. मनावर चढावयास वेळ लागतो.

महाराष्ट्रात आणि त्याच्या शेजारी ह्या काळात निरनिराळी दले निघाली. १९२३ साली नागपुरास झेंडा सत्याग्रह झाला. त्यात हुबळीचे डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकर आपल्या स्वयंसेवकांसह तुरुंगात गेले. हर्डीकर अमेरिकेत शिकलेले, लाला लजपतरायांबरोबर तेथे काम केलेले. तुरुंगाच्या हालांना कंटाळून कित्येकांनी क्षमापत्रे लिहून दिली. हर्डीकरांच्या शिकवलेल्या माणसांनी दिली नाहीत. हा फरक नेत्यांच्या नजरेत भरला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात काकीनाडा येथील काँग्रेस अधिवेशनाच्या वेळी हिंदुस्थानी सेवा दल स्थापन झाले. उत्साह सगळ्यांजवळ होता. टिकाव धरला तो शिक्षण मिळालेल्यांनी. आमच्या तरुण बंधूंच्या अंदाजपत्रकातील उणीव आम्हांस का खुपली, हे आता ध्यानात येईल. १९२५ साली नागपुरासच राष्ट्रीय स्वयंसेवक संघ सुरू झाला. तो विषय स्वतंत्र आणि मोठा असल्याने येथे त्यात शिरत नाही.

ज्यांना ह्या देशात कोणत्याच पंक्तीस जागा नव्हती, त्यांनीही गणवेष घातला, आणि त्यांच्या गणवेषाचा अर्थ सर्वांत खोल होता असे आम्हांस वाटते. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडास चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्याच सुमारास समता सैनिक दल आकारास आले. ज्यांच्या बापजाद्यांनी पलटणीत चाकरी केली आणि गावी परतल्यावर वेशीबाहेर राहिले, त्यांची मुले शिस्तीने रांगेत चालू लागली. २ मार्च १९३० रोजी नाशिकास काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्या दिवशीच्या मिरवणुकीचे जे वर्णन चरित्रग्रंथात मिळते, त्यात अग्रभागी लष्करी चालीवर वाजणारा वाद्यवृंद, त्यामागे स्काउटांची एक तुकडी आणि तिच्यामागे सुमारे पाचशे स्त्रिया असल्याचे नमूद आहे. मंदिराचे दरवाजे बंद होते. बालवीराने सर्वांस मित्र मानावे, असा त्या चळवळीचा नियम आहे. तो नियम शिकलेली मुले एका बंद दारासमोर उभी होती. दाराच्या आत जी मंडळी होती त्यांत आपल्या ज्ञातीचे लोक नव्हतेच, असे छातीवर हात ठेवून आम्हांस म्हणता येणार नाही.

४ जून १९४१ रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली. एस. एम. जोशी त्याचे प्रमुख होते. मुलगे आणि मुली एकाच शाखेत, आणि जात विचारावयाची नाही, हा तेथला शिरस्ता. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजी महाराष्ट्रभर फिरले आणि १ मे १९४७ पासून त्यांनी उपोषण केले, तेव्हा सेवा दलाचे कलापथक गावोगाव त्यांच्याबरोबर होते. उपोषण सुटले ते मंदिर खुले करण्याचे ठरल्यावरच. नाशकाच्या दारापासून पंढरपूरच्या दारापर्यंत सतरा वर्षे लोटली होती.

ह्या नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जर्मनीत हिटलर सत्तेवर आल्यावर स्काउट संस्था बंद करण्यात आल्या, आणि डिसेंबर १९३६ च्या कायद्याने देशातील तरुणांना हिटलर युवक संघटनेच्या छत्राखाली आणण्यात आले. तीही मुले तंबूत राहत, गाणी म्हणत, शेकोटीभोवती बसत. शिस्त तीच, काठी तीच, फेर तोच. फरक एवढाच की आपला कोण आणि परका कोण हे त्यांना आधी शिकविले जाई आणि गाठी बांधणे नंतर.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडील विस्कळीत संस्था एकत्र आल्या. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही एकच संस्था झाली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाइड्सची जुनी संस्थाही तीत सामील झाली. राष्ट्रीय छात्रसेनेची, म्हणजे ज्याला आपण सगळे एन.सी.सी. म्हणतो तिची, शिफारस १९४६ साली नेमलेल्या ज्या समितीने केली, तिचे अध्यक्ष होते पं. हृदयनाथ कुंझरू. हरिद्वारचे तेच कुंझरू. १९४८ साली कायदा होऊन छात्रसेना सुरू झाली आणि पुढच्या वर्षी मुलींसही तीत प्रवेश मिळाला. गोखल्यांच्या समाजातील एका माणसाचा हात बालवीर आणि छात्रसैनिक ह्या दोन्ही कामांस लागलेला आहे, ही गोष्ट पुणेकरांसही आज फारशी ठाऊक नाही.

येथपर्यंत ऐकीव आणि वाचलेला इतिहास झाला. आता पाहिलेला.

आम्ही शाळेत बालवीर झालो ते १९५९-६० च्या सुमारास. पहिल्या शिबिरास निघताना घरून आमच्याबरोबर पुरणपोळ्यांचा डबा, लाडवांचा डबा आणि पिण्याच्या पाण्याचा फिरकीचा तांब्या देण्यात आला होता. आजीची अट होती की शिबिरातले शिजवलेले अन्न घ्यावयाचे नाही. आमचे पथकनायक गुरुजी स्वभावाने अबोल. त्यांनी डबा पाहिला, काही बोलले नाहीत, आणि आमच्या संघास पहिल्या दिवशी मुदपाकाचे काम लावून दिले. चाळीस मुलांची आमटी आम्ही ढवळली. तीन दगडांची चूल, ओली लाकडे, डोळ्यांत धूर. दुपारी पंक्ती बसल्या तेव्हा आम्हीच केलेली आमटी आम्हीच खावयाची नाही हे आम्हांस फार विचित्र वाटले, आणि आम्ही जेवलो. लाडू चाळीस जणांत वाटले गेले. घरी ही हकिकत आम्ही पुष्कळ वर्षे सांगितली नाही. डाव्या हाताने हस्तांदोलन करावयाची बालवीरांची रीत पाहूनही आजीने 'हा कसला मेला धर्म!' म्हणून कपाळाला हात लावला होता.

तेथे आम्ही जे शिकलो ते वरकरणी अगदी क्षुल्लक होते. गळ्यातला त्रिकोणी रुमाल हा दागिना नसून तुटलेल्या हाताची झोळी आहे. दोन काठ्या दोन सदऱ्यांच्या बाह्यांतून ओवल्या की रुग्णास नेण्याचा झोळणा होतो. बुडत्याच्या कमरेभोवती जी गाठ टाकावयाची ती ओढ बसली तरी आवळता कामा नये. सुरगाठ तेथे टाकली तर माणूस पाण्याने मरावयाच्या ऐवजी दोरीने मरेल. गुरुजी ही गाठ आम्हांकडून डोळे बांधून, पाठीमागे हात नेऊन, पावसात भिजवून शंभर वेळा घालून घेत. 'खरी कमाई'च्या दिवसांत घरोघर जाऊन कामे करावी लागत. एका घरी आम्ही सायकल पुसली, एका घरी विहिरीतून चोवीस घागरी काढल्या आणि चार आणे मिळाले. घरच्या अंगणात काडी न उचलणारी मुले परक्याच्या दारात राबताना पाहून आमच्या वडिलांनी जो चेहरा केला तो अजून डोळ्यांपुढे आहे.

१२ जुलै १९६१, बुधवार. पानशेतचे धरण सकाळी फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही गेले, आणि मुठेच्या काठचे पुणे पाण्याखाली बुडाले. आदल्या रात्री धरणावर लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचली होती, त्यामुळे फुटण्याची वेळ लांबून दिवस उजाडला आणि असंख्य माणसे वाचली, हे आज सर्वमान्य आहे. पाणी ओसरल्यावर आम्ही पेठांत गेलो. गुडघाभर चिखल, मेलेली जनावरे, भिजून फुगलेले धान्य आणि त्याची दुर्गंधी. खडकवासला गेल्याने नळास पाणी नव्हते; शहर जुन्या विहिरींवर आणि हौदांवर आले होते. छात्रसैनिक, बालवीर, सेवा दलाची आणि इतर संघटनांची मुले, महाविद्यालयांतील विद्यार्थी, कोणी कोणत्या झेंड्याखालचा हे चिखलामुळे ओळखू येत नव्हते. आमचा खाकी सदरा दुसऱ्या दिवशी कोणत्या रंगाचा होता ते सांगता येणार नाही. एका वाड्यात आम्ही एका वृद्ध बाईंचे देव चिखलातून शोधून काढले. बाई सोवळ्यातल्या. आमच्या संघातील ज्या मुलाने ते देव हाती घेऊन धुतले, त्याची जात त्यांनी विचारली नाही. चार दिवसांपूर्वी विचारली असती. पुढे त्यांनी पुन्हा विचारावयास सुरुवात केली की काय हे आम्हांस कळले नाही.

आता एक अप्रिय हकिकत. ती आपल्याच घरची असल्याने सांगावयास हरकत नसावी, आणि तिचा दोष आम्हां वडीलधाऱ्यांकडेच येतो. काही वर्षांपूर्वी आपल्या एका अधिवेशनात स्वयंसेवकांना एकसारखे सदरे, फेटे, बिल्ले आणि शिट्ट्या देण्यात आल्या होत्या. मुले देखणी दिसत होती; छायाचित्र त्या वर्षीच्या स्मरणिकेत आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी मुदपाकखान्यात कढईतील तेलाने पेट घेतला. धावत आलेल्या एका स्वयंसेवकाने, हेतू चांगलाच होता त्याचा, बादलीभर पाणी त्या पेटत्या तेलावर ओतले. भडका छतापर्यंत गेला आणि आचाऱ्याच्या हाताखालचा एक मुलगा कोपरापर्यंत भाजला. शिट्ट्या वाजू लागल्या. काय करावे हे कोणास ठाऊक नव्हते. जेवणास आलेल्या भगिनींपैकी एक, वयाने साठीच्या, शाळेत असताना वीरबाला होत्या. त्यांनी शेगडीचा गॅस बंद केला, मोठी परात कढईवर झाकली, आणि त्या मुलाचा हात नळाखाली धरून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. कोणी टूथपेस्ट लावा म्हणत होते, कोणी शाई. त्यांनी कोणास जवळ येऊ दिले नाही.

एवढ्यावरच हे थांबले असते तर आम्ही त्यास अपघात म्हटले असते. पण दवाखान्यात नेण्यासाठी गाडी मागितली तेव्हा दारावरच्या एका स्वयंसेवकाने उत्तर दिले की, गाड्या सभासदांच्या कुटुंबांसाठी राखून ठेवलेल्या आहेत. आचाऱ्याचा मुलगा आपल्या ज्ञातीचा नव्हता. त्या स्वयंसेवकास आम्ही दोष देत नाही. त्याला आम्ही जेवढे शिकविले होते तेवढेच तो बोलला. गाडी पाच मिनिटांत मिळाली हे खरे. ती पाच मिनिटे मात्र इतिवृत्तात आली नाहीत, म्हणून येथे लिहून ठेवीत आहोत.

ह्यास्तव नियोजित पथकाविषयी आमचे मत असे की, ज्ञातीचे वेगळे पथक काढू नये. ज्या मुलांस हौस आहे त्यांना शाळेच्या बालवीर पथकात, वीरबाला पथकात, छात्रसेनेत, किंवा ज्या संस्थेचे दार सर्वांस उघडे आहे अशा कोणत्याही दलात घालावे, आणि अंदाजपत्रकातील रक्कम शिबिराची वर्गणी, दोर, प्रथमोपचाराची पेटी व शिक्षकाचे मानधन ह्यांकडे वळवावी. काही बंधूंचे म्हणणे असे की, आपल्या मुलांना आपले वातावरण पाहिजे, आणि उघड्या पथकात ती बुजतील. हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. आमच्या आजीचेही तेच म्हणणे होते. म्हणून दुसरा पर्याय असा सुचवितो की, पथक आपल्या वसतिगृहाच्या आवारातच भरावे, परंतु गल्लीतील कोणत्याही घरच्या मुलामुलींस त्यात प्रवेश असावा आणि प्रवेशाच्या अर्जात ज्ञातीचा रकाना नसावा.

वसतिगृहामागचे मैदान रविवारी सकाळी रिकामेच असते. त्याला लागून असलेल्या वस्तीतील मुले कुंपणावरून उड्या मारून तेथे क्रिकेट खेळतात आणि पहारेकरी त्यांना हाकलतो, अशी तक्रार गेल्या वर्षभरात तीनदा कार्यकारी मंडळापुढे आली आहे. पथक सुरू करावयाचे ठरल्यास पहिली पंचवीस मुले कोठून मिळणार ही चिंता करावयास नको. मैदानाच्या फाटकाची किल्ली कार्यालयात आहे. प्रथमोपचार शिकविण्याचे काम वर सांगितलेल्या भगिनींनी आनंदाने पत्करले आहे; गाठी शिकविण्यास, गुडघे साथ देतील तोवर, आम्ही आहोतच.